‘कोऽहम्’ आणि ‘कोणापैकी?’ : अमेरिकन वाङ्मयातील आत्मशोध व मराठी दलित साहित्य

अमेरिकन वाङ्मयाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात ‘आत्मशोध’ हा शब्द वारंवार आढळतो. इमर्सन, थोरो व व्हिटमन यांच्यापासून राल्फ एलिसन व जेम्स बाल्डविन यांच्यापर्यंत सर्वांस या एकाच शब्दाखाली आणावयाचे आणि अमेरिकन मनुष्य हा स्वतःस शोधणारा मनुष्य होय असा निष्कर्ष काढावयाचा, असा मोह अभ्यासकास सहज होतो. हा निष्कर्ष असत्य आहे असे नाही; परंतु तो इतका व्यापक आहे की त्यापासून बोध थोडाच होतो.

प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की या एका शब्दाखाली वस्तुतः दोन भिन्न प्रश्न वावरत आहेत. पहिला प्रश्न ‘कोऽहम्’, म्हणजे मी कोण, हा होय. तो मनुष्य स्वतःस विचारतो. दुसरा प्रश्न त्याला इतरांकडून विचारला जातो, आणि मराठीत त्याचे रूप ‘तुम्ही कोणापैकी?’ असे आहे. या दोहोंतील भेद मराठी दलित साहित्य शेजारी ठेवून पाहिले असता जितका स्पष्ट होतो, तितका केवळ अमेरिकन ग्रंथांच्या वाचनाने होत नाही.

१

सन १८४५ हे वर्ष या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. त्या वर्षीच्या ४ जुलै रोजी हेन्री डेव्हिड थोरो हा मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड गावानजीक वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी एका झोपडीत राहावयास गेला. त्याच वर्षी, त्याच राज्यात, बोस्टन येथे फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटून आलेल्या तरुणाचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. दोघेही जवळजवळ एकाच वयाचे, आणि दोघांचेही लेखन प्रथमपुरुषी एकवचनात आहे. परंतु त्या दोन ‘मीं’मध्ये केवढे अंतर आहे!

थोरोचा ‘मी’ समाजापासून दूर जातो, कारण समाजाने तो आधीच मान्य केलेला आहे. त्याला नाव आहे, कुल आहे, हार्वर्डचे शिक्षण आहे. जे आहे ते बाजूस सारून त्याखाली काय उरते हे त्याला पाहावयाचे आहे. चार्ल्स विल्किन्स याने १७८५ मध्ये भगवद्गीतेचे जे इंग्रजी भाषांतर केले होते, ते काँकर्डच्या या मंडळींच्या वाचनात होते. थोरोने १८५४ च्या ‘वॉल्डन’ या ग्रंथात आपल्या गीतावाचनाचा उल्लेख केला आहे, आणि इमर्सनने १८५७ मध्ये ‘ब्रह्म’ हेच नाव देऊन एक कविता प्रसिद्ध केली. म्हणजे ‘कोऽहम्’ हा प्रश्न आणि त्याचे ‘सोऽहम्’ हे उत्तर, दोन्ही या प्रवाहात आपल्याकडूनही गेलेली आहेत. मराठी वाचकास हे लेखक चटकन आपले वाटतात याचे एक कारण हे असावे.

डग्लसचा ‘मी’ निराळ्या ठिकाणापासून आरंभ करतो. आपली जन्मतिथी आपणास ठाऊक नाही, हे तो प्रारंभीच सांगतो. निसटल्यावर त्याला पूर्वीचे आडनाव टाकून नवे घ्यावे लागले. ते बदलत बदलत तो ‘डग्लस’ या नावावर स्थिरावला. थोरोला जे टाकावयाचे होते, तेच डग्लसला प्रथम मिळवावयाचे होते.

येथे एक आक्षेप येण्याजोगा आहे. इमर्सन व थोरो हे गुलामगिरीचे विरोधक होते. थोरोने १८४६ मध्ये कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढली. व्हिटमनने तर १८५५ च्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’मध्ये पळून आलेल्या गुलामास आपल्या काव्यातील ‘मी’च्या घरी आश्रय दिला, आणि पुढे तो ‘मी’ स्वतःच तो पाठलाग होणारा गुलाम बनला. हे सर्व खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखावयाचे कारण नाही. परंतु व्हिटमनचा ‘मी’ सर्वांस सामावून घेऊ शकतो, कारण त्याला स्वतःस कोणी बाहेर ठेवलेले नाही. सामावून घेणाऱ्याचे औदार्य आणि सामावले जाणाऱ्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी होत. पुढे १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी कृष्णवर्णीयांच्या मनातील ज्या दुहेरी जाणिवेचे विवेचन केले, म्हणजे स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागणे, ती व्हिटमनच्या काव्यात कोठेही नाही. एलिसनच्या १९५२ मधील ‘इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीचा नायक अखेरपर्यंत निनावी राहतो. तो दिसत नाही याचे कारण त्याच्या ठायी नसून पाहणाऱ्यांच्या दृष्टीत आहे.

२

आता ‘कोणापैकी’ या प्रयोगाकडे वळू. वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे, नावातच बाजार असलेले, गाव घ्यावे. अशा बाजारगावात देवघेवीपुरती कोणासही कोणाची ओळख लागत नाही. परंतु बोलणे थोडे लांबले की वऱ्हाडी माणूस प्रथम ‘कोन्या गावचे?’ असे विचारतो, मग आडनाव विचारतो. वऱ्हाडात वानखडे, इंगोले, इंगळे यांसारखी आडनावे एकाहून अधिक जातींत आढळतात. तेव्हा आडनावाने उलगडा झाला नाही, तर तिसरा प्रश्न येतो, ‘कोनापैकी तुमी?’

व्याकरणदृष्ट्या हा प्रश्न लक्षणीय आहे. ‘कोण?’ या प्रश्नास एका व्यक्तीचे नाव हे पुरेसे उत्तर आहे. ‘पैकी’ हे शब्दयोगी अव्यय समूहातील अंश दाखविते; म्हणून ‘कोणापैकी?’ या प्रश्नास व्यक्तीचे नाव हे उत्तर होऊच शकत नाही, तेथे समूहाचेच नाव द्यावे लागते. मनुष्य हा कशाचा तरी अंश आहे, आणि तो अंश कळल्यावाचून मनुष्य कळला असे होत नाही, हे गृहीत प्रश्नाच्या रचनेतच बसलेले आहे. स्वर मात्र आदराचा असतो, सर्वनामही आदरार्थी असते. हा प्रश्न टाळणे कठीण होते ते त्यामुळेच.

बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा आधार हाच प्रश्न आहे. रेल्वेत नोकरीस लागलेला, परगावी खोली शोधणारा तरुण आपली जात सांगत नाही. पुढे ती उघड होते आणि त्याला मार बसतो. अमेरिकन वाङ्मयात याच्याशी समांतर असे कथानक आहे. गौरवर्णीय म्हणून खपून जाणाऱ्या कृष्णवर्णीयाच्या वर्तनास तेथे ‘पासिंग’ म्हणतात. जेम्स वेल्डन जॉन्सन यांची या विषयावरील कादंबरी १९१२ मध्ये प्रथम निनावी प्रसिद्ध झाली आणि १९२७ मध्ये लेखकाच्या नावाने पुन्हा निघाली. नेला लार्सन यांची ‘पासिंग’ ही कादंबरी १९२९ ची आहे.

परंतु दोन भाषांतील क्रियापदे पाहावीत. इंग्रजी क्रियापदात एक सीमा आहे आणि ती ओलांडून पलीकडे जाणे आहे. मराठी ‘चोरणे’ हे येथे परक्याची वस्तू नेणे या अर्थी नाही. आपण ‘अंग चोरणे’ म्हणतो, गाय ‘पान्हा चोरते’ म्हणतो. जे स्वतःचेच आहे ते आत ओढून घेणे, देण्याचे रोखणे, असा तो अर्थ आहे. तथापि चोरी या शब्दाचा कलंक त्यास चिकटलेला राहतोच. जात ज्याची त्याचीच. मग ती न सांगणे हा अपराध कसा? बागुलांच्या शीर्षकात हा सवाल भरलेला आहे, आणि तो मराठी क्रियापदावाचून मांडता आला नसता.

तुलनेची मर्यादाही येथेच दिसते. वर्ण त्वचेवर असतो. जात शरीरावर दिसत नाही. ती गावात, आडनावात, उच्चारात आणि प्रश्नोत्तरांत असते, म्हणजे बहुतांशी भाषेत असते. म्हणून दलित लेखकाचा झगडा हा मोठ्या प्रमाणात भाषेशीच झगडा होतो. त्याच्या भाषेस शिवराळ अथवा अनगड म्हणून बाजूस ठेवणाऱ्या टीकाकाराच्या हे ध्यानात आलेले नसते.

३

अमेरिकेकडे याच दृष्टीने पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. डॉ. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेत वाङ्मयाचे अध्ययन केले आणि परतल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी दलित लेखकांचे लक्ष वेधले. औरंगाबादेच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. ते पुढे ‘अस्मितादर्श’ या नावाने डॉ. गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालविले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

‘अस्मिता’ हे नाव विचार करण्याजोगे आहे. ‘अस्मि’ या क्रियापदास ‘ता’ प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध झाला. पतंजलीच्या योगसूत्रात तो पाच क्लेशांपैकी एक आहे. द्रष्टा आणि दर्शनाचे साधन ही एकच भासणे, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे अस्मिता ही जोपासावयाची वस्तू नसून क्षीण करावयाची वस्तू होती. आज हाच शब्द अभिमानाने उच्चारला जातो. गुजरातीत कन्हैयालाल मुनशी यांनी तो प्रांताभिमानाच्या अर्थाने लोकप्रिय केला, आणि मराठीतही त्या अर्थाचा प्रचार मोठा आहे.

भाषाशास्त्रात यास अर्थोत्कर्ष म्हणतात, आणि त्याचे नवल नाही. ‘मम’पासून झालेली ‘ममता’ हीही अध्यात्मात माझेपणाची आसक्ती म्हणून दोषच होती. मराठीत ती आईची माया झाली. परंतु ‘अस्मिता’ या शब्दाचा उत्कर्ष दोन वाटांनी झाला आहे, हे विसरता कामा नये. ज्याचे ‘असणे’ कोणी नाकारलेले नाही त्याने उच्चारलेली अस्मिता बहुधा अहंतेचेच दुसरे नाव ठरते. ज्याचे ‘असणे’ च नाकारले गेले, त्याच्या तोंडी ‘अस्मि’ हे साधे विधान आहे. मी आहे, एवढेच तो सांगतो. शब्द एक असला तरी क्लेश पहिल्या ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

४

यावर असे विचारले जाईल की, दलितांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे जो धम्म स्वीकारला त्यात तर आत्म्यासच स्थान नाही. मग अनात्मवादाचा स्वीकार आणि अस्मितेचा घोष यांचा मेळ कसा बसावा?

शंका वरवर बिनतोड दिसते. परंतु अनात्मवाद नाकारतो तो नित्य, अविकारी आत्मा. मनुष्याची प्रतिष्ठा नव्हे. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात धम्म हा मूलतः सामाजिक आहे, माणसामाणसांतील व्यवहाराशी त्याचा संबंध आहे, असे प्रतिपादन आहे. ब्रह्मात सर्व एकच, असे मानणाऱ्या समाजात ‘कोणापैकी?’ हा प्रश्न शतकानुशतके सुखाने नांदला. आत्म्याची समता व्यवहारात उतरली नाही. चोखोबांनी चौदाव्या शतकात ‘कोऽहम्’चे उत्तर मिळविले असेल, तरी मंदिराच्या दाराशी त्यांना दुसराच प्रश्न विचारला गेला. धर्मांतर हे त्या दुसऱ्या प्रश्नास दिलेले उत्तर होय. समूह आता जन्माने ठरलेला नाही, तो निवडलेला आहे.

अमेरिकेत याचे साम्य माल्कम एक्स यांच्या चरित्रात सापडते. त्यांनी मालकाकडून आलेले ‘लिटल’ हे आडनाव टाकले व पूर्वजांच्या हरवलेल्या नावाची खूण म्हणून ‘एक्स’ हे अक्षर धारण केले. १९६४ च्या मक्केच्या यात्रेत सर्व वर्णांच्या यात्रिकांस एकत्र पाहून त्यांची दृष्टी आणखी विशाल झाली. याउलट बाल्डविनच्या १९५३ मधील ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ या कादंबरीत हार्लेममधील मुलास साक्षात्कार होतो तो ज्या धर्मात तो वाढला त्याच धर्माच्या देवळात. मालकांच्याच धर्मास स्वतःचा करून घेणे हा एक मार्ग, तो सोडून जाणे हा दुसरा. चोखोबा आणि नागपूर यांच्या रूपाने मराठीत हे दोन्ही मार्ग आहेत.

‘दलित’, ‘बौद्ध’ की ‘आंबेडकरी’, साहित्यास नाव कोणते द्यावे, हा वाद मराठीत दीर्घकाळ चालला आहे. त्यास शब्दांचा खेळ समजू नये. ‘दलित’ हे नाव दुसऱ्यांनी काय केले ते सांगते, ‘बौद्ध’ हे आपण काय स्वीकारले ते सांगते, आणि ‘आंबेडकरी’ हे कोणाच्या विचाराने चालावयाचे ते सांगते. ‘कोणापैकी?’ या प्रश्नाची ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत.

या विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. जातीच्या पलीकडे जाऊन विश्वात्मक लिहा, असा उपदेश दलित लेखकास मराठी टीकेकडून पुष्कळदा झाला आहे. उपदेश करणाऱ्यासमोर आदर्श थोरो-व्हिटमनचा असतो; ऐकणाऱ्याची स्थिती डग्लसची असते. ‘मी’ सोडून देण्याचा अधिकार ज्याला तो प्रथम लाभला त्यालाच आहे. तेव्हा मराठीत कोणत्याही कृतीस ‘आत्मशोधा’ची म्हणण्यापूर्वी तिच्यातील ‘मी’ला प्रश्न कोणी विचारला आहे, त्याने स्वतः की दुसऱ्या कोणी, हे टीकाकाराने पाहून घ्यावे. आणि बोलीभाषांच्या अभ्यासकांनीही ओळख विचारण्याची आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील रूपे, तशीच ती टाळण्याची रूपे, साक्षेपाने नोंदवून ठेवावीत. बागुलांच्या कथेतील मौनाचा अर्थ लावण्यास त्यांचे मोठे साहाय्य होईल.