दुधाची गोष्ट, पण अर्धीच

२०१६ साली 'झुरळाचे दूध' वर्तमानपत्रांतून बरेच गाजले. बंगलोरच्या 'इनस्टेम' संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने डिप्लॉप्टेरा पंक्टाटा या पिले देणाऱ्या झुरळाच्या दूधप्रथिनाच्या स्फटिकांची रचना उलगडली होती. संशोधन चोख. त्यावरचे लेख मात्र आम्हाला अपुरे वाटले. तेवढ्याच वजनाच्या नेहमीच्या दुधाच्या तिपटीहून अधिक ऊर्जा, एवढेच सगळीकडे छापून आले. पिलू आईच्या पोटात जेवते, तर घाण कुठे टाकते? आम्ही वाचलेल्या एकाही लेखात हा प्रश्न नव्हता. सातवीच्या वर्गात मात्र तो पहिल्या पाच मिनिटांत येतो.

अशा वेळी 'सस्तन प्राण्यांसारखेच' असे सांगून सुटका करून घेण्याचा मोह होतो, आणि गडबड तिथेच होते. आपल्याकडे गर्भाचा युरिया वारेतून आईच्या रक्तात जातो आणि तिची मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. आफ्रिकेतल्या त्सेत्सी माशीत अशी वार नसते. तिच्या गर्भाशयात एका वेळी एकच अळी असते, सुटी, आणि ती तोंडाने दूध पिते. साधारण नऊ-दहा दिवसांनी एक अशी, जवळजवळ आईच्याच वजनाची अळी जन्मते व लगेच मातीत शिरून कोश करते. पोटात असेपर्यंत ती विष्ठा टाकत नाही. उरलेसुरले तिच्याच आतड्यात साठते. हे जमते, कारण दूध जवळजवळ सगळेच पचणारे असते, चोथा उरत नाही. शिवाय कीटकांचा नायट्रोजनयुक्त कचरा मुख्यतः यूरिक आम्लाच्या रूपात असतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून साठवले तरी बाधत नाही.

शिक्षकांना याचे ओळखीचे उदाहरण हवे असेल तर ते कोंबडीच्या अंड्यात आहे. बंद कवचातले पिलूही यूरिक आम्ल एका पिशवीत साठवूनच वाढते. म्हणजे कचऱ्याच्या बाबतीत ही माशी गाईपेक्षा अंड्याला जवळची! एकाही लेखकाला ही तुलना सुचू नये याचे आम्हाला नवल वाटते.

मधमाशीची अळी पोटात वाढत नाही, तरी हीच युक्ती वापरते. तिचे मधले आतडे मागच्या आतड्याला जोडलेलेच नसते. खाणे संपल्यावर मार्ग खुला होतो आणि सारी विष्ठा एकदाच पडते. त्यामुळे तिचे अन्न खराब होत नाही.

करडईवरच्या माव्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या मादीच्या पोटातले गर्भ तोंडाने खातच नाहीत, त्यामुळे विष्ठेचा प्रश्न नाही. माव्याला मालपिघी नलिकाही नसतात. शरीरात तयार होणाऱ्या अमोनियाचा बराचसा भाग पेशींत राहणाऱ्या बुखनेरा जीवाणूंच्या मदतीने पुन्हा अमिनो आम्लांत बदलला जातो. हिवाळ्यात मावा लागलेला शेंडा वर्गात आणून भिंगाखाली धरावा. मागच्या बाजूने बाहेर येणारे पिलू थोडा धीर धरला तर दिसते.