‘स्मृतिचित्रें’ आणि घरांतला धर्म

धर्मांतराची कथा सांगण्याची पश्चिमेकडील रीत इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीच्या चांगली परिचयाची आहे. एक आत्मा, एक ईश्वर, त्या दोघांचा एकांतांतला झगडा आणि अखेर शरणागति. संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनांत त्याची माता मोनिका आहे हें खरें. पण जिच्याबरोबर त्यानें अनेक वर्षें काढलीं त्या स्त्रीचें नांवहि तेथें नाहीं. बन्यनचा यात्रेकरू तर १६७८ च्या पहिल्या भागांत बायकामुलें हांका मारीत असतां कानांत बोटें घालून पळत सुटतो. त्याच्या बायकोचा प्रवास सांगण्यासाठीं ग्रंथकारास १६८४ सालीं निराळा भाग लिहावा लागला. हरि केशवजी यांनीं ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें १८४१ मध्यें हें रूपक मराठींत आणलें, तेव्हां तो पळणारा नवराहि आपल्याकडे आला. मागें राहिलेली बायको मराठींत बोलूं लागण्यास मात्र सुमारें शंभर वर्षें जावीं लागलीं.

ती बोलली लक्ष्मीबाई टिळकांच्या मुखानें. ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील विनोद, साधी भाषा, स्वतःची फजिती खुल्या दिलानें सांगण्याची हातोटी यांची वाखाणणी आजवर इतकी झाली आहे कीं, तींत भर घालण्याची गरज नाहीं. आमची तक्रार अशी आहे कीं, या वाखाणणीनें पुस्तकाचा गाभा झांकला जातो. मनुष्य आपल्या देवाची हांक ऐकून निघाला, तर ज्या बायकोला त्यानें विचारलेंहि नाहीं तिचें त्याच्यावर कांहीं देणें उरतें कीं नाहीं? हा प्रश्न या पुस्तकाच्या पानोपानीं आहे.

नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आगगाडींतील गोऱ्या प्रवाशानें दिलेला ‘नवा करार’, त्यानंतरचें मनन, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. पत्नीच्या वांट्यास आली ती तयार बातमी. त्या काळीं १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळें पत्नी नांदावयास येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या पतीस कोर्टाकडे जाऊन, ठराविक मुदतीनंतर, विवाह मोडून घेतां येई. टिळक त्या वाटेला गेले नाहींत. पौलानेंहि करिंथकरांस लिहितांना असाच सल्ला दिला आहे : विश्वास न ठेवणारी पत्नी एकत्र राहण्यास राजी असेल, तर तिला सोडूं नये. परंतु टिळकांची पत्नी राजी कोठें होती? ती पंढरपुरांत, माहेरच्या माणसांत, दुःखानें वेडीपिशी होऊन दिवस काढीत होती. येथें वचनांचा आधार संपतो आणि माणसाची कसोटी सुरू होते. टिळकांनीं वाट पाहिली. तेवढ्यानें ते दोषमुक्त होतात काय? लक्ष्मीबाई तसें म्हणत नाहींत. त्या नवऱ्याला माफी देत नाहींत आणि फिर्यादहि करीत नाहींत; घडलें तें सांगतात आणि पुढें जातात. आमच्या मतें हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण होय.

पुढें त्या नगरास नवऱ्याकडे आल्या त्या आपलें सोवळें बरोबर घेऊन. एका छपराखालीं ख्रिस्ती नवरा आणि ब्राह्मण बायको. तिच्या वेगळ्या स्वयंपाकाला त्याची आडकाठी नाहीं. सोवळ्याच्या वेडानें पछाडलेल्या पित्याच्या घरीं वाढलेल्या या बाईनें जातिभेद टाकला, तो कोणा उपदेशकाच्या व्याख्यानानें नव्हे, तर स्वतः विचार करून : हे भेद माणसाचे, देवाचे नव्हेत. बाप्तिस्मा त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनीं जात सोडली असें नसून जात सुटल्यावर त्यांस ख्रिस्ताकडे जाण्याची वाट मोकळी झाली. पतिव्रतेनें पतीचा धर्म स्वीकारला, असें सरधोपट विधान करणाऱ्यांनीं ही पानें पुन्हां वाचावींत.

संसाराचें म्हणाल, तर टिळकांचें औदार्य घराला परवडणारें नव्हतें. ते बाजारांत जावयाचे एका वस्तूसाठीं आणि यावयाचे भलतीच घेऊन. आणि निराधार मुलाला ‘नाहीं’ म्हणणें तर त्यांच्या स्वभावांतच नव्हतें. परमार्थ त्यांचा, पण पीठमिठाचा हिशेब लक्ष्मीबाईंचा! शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञा पाळतांना स्वयंपाकघरांत काय होतें, हें इतक्या हंसतखेळत सांगणारें दुसरें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं.

बालकवि ठोंबरे यांची प्रकरणें आम्हांस विशेष वाटतात. जळगांवच्या १९०७ च्या कविसंमेलनानंतर टिळकांचा लोभ जडलेला हा तरुण हिंदु कवि नगरास त्यांच्या घरीं येऊन राहिला. मिशनच्या धर्मोपदेशकाचें घर, आणि या पोराला ख्रिस्ती करावें अशी खटपट आम्हांस त्या पानांत दिसत नाहीं. दिसतात ते त्याचे रुसवे, त्याची भीति आणि त्याला आईच्या मायेनें सांभाळणारी एक बाई. १९१८ च्या मे महिन्यांत भादलीजवळ रेल्वेखालीं बालकवि गेले; त्यानंतर वर्षभरानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळकहि गेले. मैत्रीलाच उपासना मानणारी अशी श्रद्धा आपल्या धर्मचर्चेंत क्वचितच स्थान पावते, कारण तींत वाद घालण्याजोगें कांहीं नसतें.

दोष नाहींत असें नव्हे. उत्तरार्धांत प्रसंगांची गर्दी होते आणि पहिल्या भागांतली वीण सैल पडते. १९३६ त लक्ष्मीबाई निवर्तल्यामुळें चौथा भाग पुत्र देवदत्त यांस पुरा करावा लागला. तो भक्तिभावानें लिहिलेला आहे, पण आईचा खट्याळ सूर मुलाला कसा यावा? शिवाय, स्वतःच्या प्रार्थनेविषयीं लक्ष्मीबाई फारच थोडें बोलतात. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ ज्या बाईनें पुढें नेलें, तिच्या अंतरंगांत डोकावण्याची आमची इच्छा हें पुस्तक पुरती भागवीत नाहीं. हा संकोच कीं स्वभाव, हें ठरविणें कठीण आहे. आम्ही स्वभाव म्हणूं.

जोसेफिन इंकस्टर यांनीं १९५० सालीं इंग्रजी भाषांतर केलें, त्याला ‘आय फॉलो आफ्टर’ असें नांव दिलें. प्रथमदर्शनीं तें आम्हांस खटकलें : नवऱ्यामागून चालत जाणारी बायको त्यांत डोळ्यांपुढें उभी राहते, आणि लक्ष्मीबाई तशा कधींच चालल्या नाहींत. पण हेच शब्द जुन्या इंग्रजी बायबलांत, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत, पौल स्वतःविषयीं वापरतो. आणि तेथें तो कोणा माणसाच्या मागें चाललेला नाहीं. भाषांतरकर्तीच्या मनांत तो अर्थ असेल, तर नांव अचूक आहे.