अपुऱ्या गोधडीचा फोटो

नेऱ्याच्या घरी माळ्यावर एक गोधडी आहे. आजी कडेने टाके घालत आत आत येत होती. मधली परातीएवढी जागा उरली आणि आजी गेली. गेल्या पावसाळ्यात मी त्या गोधडीचा फोटो इन्स्टावर टाकला, खाली लिहिलं, ‘पूर्ण करतेय.’ लाइक भरपूर आले. टाका मात्र मी एकही घातला नाही.

तेव्हापासून ‘काम चालू आहे’ छापाच्या पोस्ट मी जरा संशयाने बघते. क्रोशाचा अर्धा स्वेटर, शेजारी कॉफीचा मग, खिडकीतलं ऊन. खाली ओळ: ‘तीनदा उसवलं, रडायला आलं.’ आपण हार्ट पाठवतो. पण फोटोत उसवल्याची खूण कुठे असते? लोकर तर पुन्हा छान गुंडाळलेली असते. वैताग कॅप्शनमध्ये असतो, वस्तूत नसतो. या प्रकाराबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

याच्या अगदी उलट काय असतं, ते अजिंठ्याच्या 24 नंबरच्या लेण्यात दिसतं. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात खोदायला घेतलेला हा मोठा विहार अर्ध्यावर राहिला. राजा हरिषेण गेल्यावर अजिंठ्याची कामं ढासळली, असं वॉल्टर स्पिंक यांनी मांडलं. त्यांचा काटेकोर कालक्रम सगळ्याच अभ्यासकांना पटत नाही. पण काम मधेच थांबलं, हे समजायला अभ्यासक असावं लागत नाही. लेणी वरून खाली खोदतात. आधी छत, मग खाली. चर पाडायचे, मधला दगड फोडायचा, खांबांपुरता खडक शिल्लक ठेवायचा. 1 नंबरच्या लेण्यात हे सगळं घासून, लिंपून चित्रांखाली गेलं. तिथे पद्मपाणी बघताना खोदणारा आठवतच नाही. 24 मध्ये त्याच्या छिन्नीशिवाय बघण्यासारखं फार काही नाही.

म्हणून ‘अपूर्णतेतच सौंदर्य असतं’ असं म्हणायला मी तयार नाही. अर्धवट राहावं म्हणून ते लेणं कुणी सुरू केलं नव्हतं. दगडात उसवताही येत नाही. जास्तीचा घाव बसला की बसला. माझा निकष साधा आहे: या अपुऱ्या वस्तूत हात वाचता येतो का?

या निकषावर काही पोस्ट नक्की उतरतात. कुणी भरतकामाची मागची बाजू दाखवतं, त्यात गाठी आणि ओढले गेलेले धागे दिसतात. कुणी फसलेली ओळ जवळून दाखवून विचारतं, ‘टाके कुठे वाढले?’ खाली कुणीतरी मोजून सांगतं, ‘सुरुवातीला चाळीस होते, इथे त्रेचाळीस झालेत.’ इथे वैताग सांगणं हा कामाचाच भाग होतो. ओटीवर चारजणी गोधडीला बसायच्या तेव्हाही हेच चालायचं: दुसरीचा टाका बघायचा, आपला सुधारायचा. आज खोलीत एकटीने विणणाऱ्या मुलीला ती ओटी फोनवर मिळत असेल, तर मी तिला नावं ठेवणार नाही.

माझा फोटो या निकषावर नापास आहे. तो वरून, लांबून काढलेला, फिल्टर लावलेला होता. परवा गोधडी खाली काढली आणि उलटी करून बघितली. कडेचे टाके बारीक, एकसारखे. आत येता येता ते लांब आणि तिरके होत जातात. एके ठिकाणी लाल दोरा संपतो आणि निळा सुरू होतो. आजीला दिसायचं कमी झालं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गोधडीत ते आधीपासून लिहिलेलं होतं.

उरलेली जागा मी आता भरायला घेतली आहे. पांढरा दोरा घेतलाय, म्हणजे तिचं कुठे थांबलं आणि माझं कुठे सुरू झालं ते दिसेल. दोन ओळी झाल्यात. दुसरी वाकडी आहे. फोटो काढला तर मागच्या बाजूचा काढेन.