भाकितापलीकडची विज्ञानकथा

विज्ञानकथेतले भाकीत खरे ठरले की ती थोर, असा आपल्याकडे समज आहे. गेल्या पन्नास वर्षांतली मराठी विज्ञानकथा पाहिली तर तो टिकत नाही. कथेतले यंत्र जुने होते. त्या यंत्रासमोर माणूस कसा वागेल, याचा लेखकाने बांधलेला अंदाज मात्र जुना होत नाही. बदल दाराशी येण्याआधी समाजाच्या मनाची तयारी होते ती या अंदाजामुळे.

जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ पाहा. पृथ्वीच्या रोखाने येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ स्फोट घडवून वाटेवरून ढळवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फोस या लघुग्रहाला धडक देऊन त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे ३२ मिनिटांनी घटवला, तेव्हा ही कथा आठवणे साहजिक होते. पण तिची खरी नस शेवटी सापडते. हौशी खगोलनिरीक्षक असलेल्या नायकाच्याच घरी शांतियज्ञ झालेला असतो आणि घरच्यांच्या लेखी संकट त्या यज्ञानेच टळलेले असते. विज्ञान पुढे गेले, घर होते तिथेच राहिले, हे नारळीकरांनी अचूक हेरले.

‘यक्षांची देणगी’ (१९७९) या त्यांच्याच संग्रहातली ‘पुत्रवती’ तर थेट आपल्या घरातली. मुलाच्या हव्यासाला विज्ञानाची साथ मिळाली तर काय होईल, हा तिचा प्रश्न. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला तो १९८८ मध्ये. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मधल्या ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. एकट्या कथेने समाज सुधारत नाही, हे मान्य. पण अशा कथांना ‘मनोरंजन’ म्हणून कडेला ठेवणाऱ्या समीक्षेनेही हात झटकू नयेत. इशारा छापला गेला होता. त्यावर चर्चा घडवण्याचे काम समीक्षेचे होते.

मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने या साहित्यप्रकाराला लेखक दिले. स्वतः केमिकल इंजिनिअर असलेल्या सुबोध जावडेकरांनी ‘आकांत’मधून औद्योगिक दुर्घटनेची भीषणता कादंबरीत आणली. मात्र विज्ञान समजावून सांगण्याची जुनी खोड अजून सुटलेली नाही. आजही कित्येक कथांत प्राध्यापक दोन पाने व्याख्यान देतो आणि समोरचा ‘म्हणजे काय, सर?’ एवढेच विचारत राहतो. कथानकही बहुधा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेबाहेर पडत नाही.

बदल मात्र केव्हाच बाहेर पडला आहे. ड्रोन शेतावर औषध फवारू लागला. फवारणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसाचे पुढे काय? परदेशातल्या मुलाचा हुबेहूब आवाज काढून कोणी फोनवर पैसे मागितले, तर म्हाताऱ्या आईने विश्वास कशावर ठेवायचा? हे विषय बातमीत चार ओळींत संपतात. त्यांतली भीती, लोभ आणि माया कथाच दाखवू शकते.

म्हणून संपादकांनी दिवाळी अंकात अशा कथा आवर्जून मागवाव्यात, समीक्षकांनी त्या सामाजिक कथेच्या तोलानेच वाचाव्यात आणि लेखकांनी व्याख्यान आवरून माणसांना बोलू द्यावे. निर्णय घेण्याची वेळ येण्याआधी त्याचे परिणाम मनात जगून पाहण्याची सोय दुसरे कोणतेही साहित्य इतक्या थेटपणे करून देत नाही.