नाना पाटेकर यांच्या गंभीर भूमिका आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद : 'खामोशी' ते 'नटसम्राट'

एखादा नट विशिष्ट प्रकारच्या भूमिकांमुळे लोकप्रिय झाला की त्याच्याविषयी प्रेक्षकांच्या मनात एक ठाम अपेक्षा निर्माण होते. मारधाडीच्या चित्रपटांतील नायकाच्या बाबतीत ही अपेक्षा अधिक घट्ट असते. तो पडद्यावर आला की अन्यायाचा हिशेब चुकता होणार, हे गृहीत धरूनच प्रेक्षक तिकीट काढतो. अशा नटाने कौटुंबिक अथवा शोकात्म भूमिका स्वीकारली तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर समीक्षेत सहसा घाईने दिले जाते. चित्रपट चालला तर प्रेक्षक प्रगल्भ झाला आणि पडला तर प्रेक्षकाला साचा सोडवत नाही, असे म्हटले जाते. नाना पाटेकर यांच्या 'खामोशी' (१९९६) आणि 'नटसम्राट' (२०१६) या दोन चित्रपटांना मिळालेला प्रतिसाद शेजारी ठेवून पाहिला असता ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात.

प्रथम नानांच्या लोकप्रियतेचे स्वरूप पाहिले पाहिजे. 'अंकुश' (१९८६), 'प्रहार' (१९९१), 'तिरंगा' (१९९३), 'क्रांतिवीर' (१९९४) या चित्रपटांनी त्यांची प्रतिमा घडवली. मात्र सनी देओल ज्या अर्थाने मारधाडीचा नायक आहे, त्या अर्थाने नाना कधीच नव्हते. त्यांच्याकडे ना तसे शरीर, ना तशी उंची. त्यांचे शस्त्र जीभ. 'क्रांतिवीर'च्या अखेरीस फाशीच्या तख्तावरून ते जमावाला जे सुनावतात, ते भाषण नसून मारामारीच आहे. फक्त ठोसे शब्दांचे आहेत. शब्द अडवून धरणे, मध्येच थांबणे, मग एका दमात ओकून टाकणे ही त्यांची लय प्रेक्षकाला हाणामारीइतकेच समाधान देते. त्यांच्या बाबतीत संवाद हीच कृती असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील प्रतिसादाचा उलगडा होत नाही.

नानांचे गंभीर भूमिकेकडे वळणे सर्वांनाच नवे होते असेही नाही. मुंबई-पुण्याच्या नाट्यरसिकांनी त्यांना जयवंत दळवी यांच्या 'पुरुष' नाटकात गुलाबरावाच्या भूमिकेत पाहिले होते. त्यांच्या लेखी नाना हे मुळात रंगभूमीचे नट, हिंदी चित्रपटात गेलेले. खंबाटकी घाटाच्या अलीकडच्या-पलीकडच्या गावांतील प्रेक्षकांची वाट उलटी होती. खंडाळा, लोणंद, शिरवळ या पट्ट्यात नाना पोहोचले ते हिंदी पडद्यावरून : जत्रेतल्या तंबूतून, व्हिडिओवरून आणि पुढे केबलवरून. 'पुरुष' पाहिलेल्याला 'नटसम्राट' म्हणजे घरी परतणे वाटले, तर 'तिरंगा' पाहिलेल्याला तो वेशांतर वाटला. मराठी समीक्षेने बहुधा पहिल्याच प्रेक्षकाला 'प्रेक्षक' मानले आहे.

१९९६ हे वर्ष या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी नानांचे दोन चित्रपट आले आणि दोहोंत मनीषा कोईराला होती. 'अग्निसाक्षी'मध्ये नाना पत्नीचा छळ करणारा, संशयाने पेटलेला पती झाले. हा नायक नव्हे. प्रेक्षकाने ज्याचा तिरस्कार करावा असे हे पात्र. तरीही चित्रपट उत्तम चालला आणि या भूमिकेसाठी नानांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संजय लीला भन्साळी यांच्या 'खामोशी'त ते गोव्यातील एका मूकबधिर बापाची भूमिका करतात. जोसेफही संतापी आहे, हट्टी आहे, मुलीवर हक्क सांगणारा आहे. स्वभावाने तो नानांच्या आधीच्या पात्रांपासून फार दूर नाही. फरक एवढाच की त्याला वाचा नाही. गाणी लोकांच्या ओठी बसली, समीक्षकांनी कौतुक केले, पण तिकीट खिडकीवर चित्रपट आपटला.

या अपयशाला इतरही कारणे होती. दिग्दर्शक नवा होता, कथेची गती संथ होती आणि दुःखाचा भार मोठा होता. तथापि 'अग्निसाक्षी'शी तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. प्रेक्षकाने नानांना सज्जनाचा दुर्जन होऊ दिले. मुके होऊ दिले नाही. म्हणजे साचा मोडल्याचा राग नव्हता. साच्यातील जो एक भाग प्रेक्षकाला खरोखर हवा होता, तोच काढून घेतला गेला होता. नानांनी त्या भूमिकेत हातांच्या बोटांमधून जो संताप दाखवला आहे, तो त्यांच्या कारकिर्दीतील अत्यंत अवघड अभिनय आहे. परंतु टाळी वाजवायला जागा देणारे वाक्यच त्यात नाही.

येथे इतिहासातील एका विरोधाभासाची आठवण होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळातील साहसपटांचे लोकप्रिय नायक. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकपद त्यांना मिळाले. पण उर्दू उच्चार जमेनात, म्हणून त्यांचे पात्र बराच काळ बेशुद्धावस्थेत दाखवावे लागले, असे सांगितले जाते. विठ्ठल यांच्या बाहूत बळ होते आणि जीभ अडली; नानांचे बळच जिभेत होते आणि 'खामोशी'ने ती बांधली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या 'एक होता विदूषक'ची (१९९२) कथाही याच जातीची आहे. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, राष्ट्रीय पुरस्कार. आणि हसायला आलेला प्रेक्षक गोंधळून परतलेला.

'नटसम्राट' १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा चित्र पालटलेले दिसले. महेश मांजरेकर दिग्दर्शित या चित्रपटाला अभूतपूर्व गर्दी झाली आणि लोक डोळे पुसत बाहेर पडले. वि. वा. शिरवाडकर यांचे मूळ नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणले होते. श्रीराम लागू यांनी साकारलेला गणपतराव बेलवलकर आणि त्यानंतरचे दत्ता भट, सतीश दुभाषी यांचे बेलवलकर ज्यांनी पाहिले, त्यांनी नानांची तुलना त्यांच्याशी केली. नाटक न पाहिलेल्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे असा मापदंडच नव्हता. त्यांच्यापुढे होते ते नाना. शिवाय सप्टेंबर २०१५ मध्ये नाना आणि मकरंद अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन'ची स्थापना केली होती. दुष्काळात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी मदत घेऊन जाणारे नाना लोकांनी अवघ्या काही महिन्यांपूर्वी पाहिले होते. ही आपुलकी घेऊनच ग्रामीण प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला, आणि तिकिटाच्या गणितात न दिसणारी ही गोष्ट प्रतिसादाचा विचार करताना वगळता येत नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचे कारण भूमिकेतच आहे. बेलवलकर हा बोलणारा माणूस. त्याची स्वगते म्हणजे नानांच्या लयीला आयती मिळालेली जमीन. 'क्रांतिवीर'मध्ये जमावाला झोडपणारा आवाज येथे पोटच्या मुलांना आणि नियतीला झोडपतो. प्रेक्षकाला नवा नाना मिळाला आणि जुनाही हरवला नाही. 'नटसम्राट'च्या यशाला अभिरुचीच्या विकासाचा पुरावा मानणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

या जुळणीची किंमत मात्र शिरवाडकरांच्या बेलवलकराने मोजली. मूळ नाटकातील गणपतराव निव्वळ अन्यायग्रस्त बाप नाही. तो अहंकारी आहे. निवृत्तीनंतरही तो घराला रंगमंच समजतो, सारे काही मुलांना देऊन टाकताना दातृत्वाची भूमिका वठवतो आणि त्याच्या तोंडच्या शिव्या नातीच्या जिभेवर जातात तेव्हा सुनेची अडचण समजून घ्यायला तयार नसतो. 'किंग लियर'शी त्याचे नाते सांगितले जाते ते याच आंधळेपणामुळे. ज्या उद्दामपणामुळे त्याचा नाश ओढवतो, तोच उद्दामपणा नानांच्या मुखातून आला की प्रेक्षकाला न्यायाची ललकारी वाटतो. कारण गेली तीस वर्षे नाना ज्याच्यावर ओरडले, तो अपराधीच असे. साहजिकच सून आणि मुलगी आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहतात, आणि चित्रपटाचा सारांश 'आईवडिलांना विसरू नका' एवढाच उरतो. अनेक घरांतून तो याच उपदेशासाठी सहकुटुंब पाहिला गेला.

दिग्दर्शकाला या धोक्याची अजिबातच जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. विक्रम गोखले यांनी रंगवलेला रामभाऊ हे मूळ नाटकात नसलेले पात्र आहे. तो गणपतरावाचा मित्र आणि प्रतिस्पर्धी. त्याच्या तोंडावर त्याचे माणूस म्हणून असलेले उणेपण सांगणारा एकमेव. गोखले आवाज न चढवता बोलतात, आणि त्या वेळी नानांना ऐकून घ्यावे लागते. नट नानांची खरी परीक्षा त्या ऐकण्यात आहे. कौतुक मात्र झाले ते दोघांच्या जुगलबंदीचे, आरोपातील तथ्याचे नव्हे.

जिभेला लगाम घालणारी भूमिका नानांनी 'नटसम्राट'च्या आधी, २०१४ मध्येही केली होती. समृद्धी पोरे यांच्या 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' या चित्रपटात हेमलकशाचा अबोल डॉक्टर साकारताना त्यांनी आवाज जवळजवळ तळाशी नेला. त्याला प्रेक्षकांनी आदर दिला, गर्दीचा उन्माद नाही. आणि तो आदरही आमटे दांपत्याच्या कार्याचा किती व नटाचा किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि युवा महोत्सवांच्या एकपात्री स्पर्धांत आजही बेलवलकर हमखास असतो. २०१६ नंतर त्याचा स्वर बदलला आहे. मुले स्वगत म्हणतात ती नानांच्या थांब्यांसह, नानांच्या घोगऱ्या आवाजात, आणि टाळी नेमकी त्या थांब्यावर पडते. स्पर्धेसाठी निवडले जाते ते घर मागणारे स्वगत. नातीने उचललेल्या शिव्यांचा प्रवेश क्वचितच कोणी निवडतो.