काळा पहाड आणि आमची गल्ली

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी रद्दीच्या ढिगातून मी बाबुराव अर्नाळकर उचलायचो. निम्म्या पुस्तकांना शेवटचं पान नसायचं. खुनी कोण, ते आम्ही पोरं वस्तीतल्या दिव्याखाली बसून ठरवायचो. हजाराच्या वर रहस्यकथा लिहून हा माणूस १९९६ साली गेला. पांढरपेशा समीक्षेनं त्याला उंबऱ्याच्या आत फारसं घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर बसणं काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको.

रहस्यकथेला थांबायला वेळ नसतो, म्हणून ती तयार उपमा उचलते. रात्र काजळासारखी, काळजाचा ठोका चुकतो, मनात पाल चुकचुकते. हे आपल्या बोलीतलंच आहे. याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. घाईच्या वेळी घासलेलं नाणंही चालतं.

पण नाणं उलटून बघा. या कादंबऱ्यांत भय आलं की काळं येतं. गुंड काळाकभिन्न, गल्ली अंधारी, कुबट. अरे, ती गल्ली आमची आहे! तिथं माझी आई भाकरी थापायची. लेखकाला भीतीसाठी उपमा हवी होती, त्याला आमचं घर सापडलं. इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ साली गेला, उपमा राहिली.

आणि तरी अर्नाळकरांनी नायकाचं नाव ठेवलं 'काळा पहाड'. आमच्यातलं प्रत्येक काळं पोर ते नाव घेऊन ताठ चालायचं. हे ऋण मी नाकारत नाही. त्यांचा दुसरा नायक 'झुंजार'. अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तिथंही विशेषण तेच – झुंजार. फकिराही खजिना लुटतो, पोलीस त्याच्या मागं लागतात. थरार तोच. पण इथं लुटीमागं वस्तीची भूक आहे, म्हणून शब्दाला वजन येतं. नुसतं नाव लावून ते येत नाही.

आपल्यातल्या कुणीतरी आता रहस्यकथा लिहायला घ्यावी. काळजाचा ठोका खुशाल चुकवावा. फक्त खुनी शोधायला कंदील घेऊन पहिल्यांदा आमच्याच गल्लीत का शिरता, एवढं विचारावं. रात्र बंगल्यातही होतेच की.