हेन्रींचे पुस्तक आणि १०२४ कप्पे

बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणावर एडवर्ड हेन्री यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. हेन्री तेव्हा बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. त्यांची पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. गणित शिकवणाऱ्यांनी त्यातला वर्गीकरणाचा भाग जरूर समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

हजारो कैद्यांच्या कागदांतून नेमका एक काढायचा कसा? गॉल्टन यांनी १८९२ मध्ये कमान, पाश आणि चक्र असे प्रकार पाडले खरे, पण मोठे दप्तर लावायला ते पुरेना. बंगालमध्ये दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या गेल्या. उजवा अंगठा पहिला, डावी करंगळी दहावी. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, पुढच्या जोड्यांना ८, ४, २, १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक १ हा अंश, विषमांची बेरीज अधिक १ हा छेद. अंशाच्या ३२ शक्यता, छेदाच्या ३२, म्हणून कप्पे १०२४. एकही चक्र नसलेल्याचा अपूर्णांक १/१, दहाही चक्रे असलेल्याचा ३२/३२. द्विमान पद्धती शिकवायला इतके हाताशी असलेले उदाहरण (अक्षरशः!) दुसरे सापडणे कठीण.

हे गणित मात्र हेन्रींचे नव्हे. ते प्रामुख्याने काझी अझिझुल हक या त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे. हेमचंद्र बोस यांनीही त्यात भर घातली. पुस्तक याबद्दल गप्प आहे. आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे हेन्रींनी १९२६ साली पत्रातून कळवले. किताब दोघांनाही मिळाले. पद्धतीला नाव हेन्रींचेच राहिले.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दप्तरातल्या कागदावर दहाही बोटे नीट उमटलेली असतात. गुन्ह्याच्या जागी मिळतो तो एखादा पुसट, अर्धामुर्धा ठसा. कागद शोधण्यातली अचूकता ठसा जुळवण्यातही असते, असा समज अशा पुस्तकांमुळेच रुजला. जलपायगुडीच्या चहामळ्यातील व्यवस्थापकाच्या खुनात पंचांगावर रक्ताळलेला ठसा सापडला, तो पूर्वी शिक्षा झालेल्या नोकराशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल नाही. पंचांगाला हात लागला एवढेच ठसा सांगत होता. न्यायालयाचा हा विवेक आम्हांला पुस्तकातल्या आत्मविश्वासापेक्षा मोलाचा वाटतो.

२००४ मध्ये माद्रिदच्या बाँबस्फोटांनंतर मिळालेला ठसा अमेरिकी तज्ज्ञांनी एका निरपराध वकिलाचा ठरवला. स्पेनच्या पोलिसांना तो दुसऱ्याचाच आढळला. ही पद्धत कधीच चुकत नाही, हा दावा शास्त्रीयदृष्ट्या टिकणारा नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने स्पष्ट म्हटले.

वर्गात स्टँपपॅड घेऊन कप्पे पाडाल, तेव्हा काही ठसे मुद्दाम अर्धवट उमटवून घ्या. ते कोणाचे हे मुलांना ओळखू द्या आणि चुका फळ्यावर मांडा.